ते सिम कुणाच्या नावावर आहे?

तुझं चार पानी पत्र मिळालं. डेटिंग अ‍ॅपवर भेटलेला ‘मराठा सेंटरचा कॅप्टन’, म्हणजे आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा, सध्या काश्मीरमधल्या कुपवाड्यात. आठ महिने रोज रात्री अकरानंतर गप्पा. गणपतीत बेळगावात, शहापूरला तुझ्या घरी येऊन बोलणी करणार होता. त्याआधी अठरा हजार घेतले आणि गायब. ‘सगळं रहस्यकथेसारखं वाटतंय. त्याचं माझ्यावर कधी प्रेम होतं का?’ असं विचारतेस.

नव्हतं. पुढे चल.

रहस्यकथा म्हणतेस ना, मग सुगावा तुझ्याच तिसऱ्या पानावर आहे. भाच्याचं बारसं आणि आईची गुडघेदुखी यांच्या मधे एक ओळ: ‘तिकडे नेटवर्कचा त्रास म्हणून माझ्या आधारवर एक प्रीपेड सिम काढून त्याला कुरिअर केलं.’

अगं, आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाही! बेळगाव-खानापुरात गल्लोगल्ली फौजी आहेत. सुट्टीवर आलेल्या कुणालाही विचारलं असतंस तर कॅप्टन तिथंच उघडा पडला असता. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायची लाज. तिथंच त्याचं फावलं.

आता त्या नंबरवरून निपाणीतल्या नाहीतर कोल्हापुरातल्या कुणा बाईला रात्री अकराला ‘जेवलीस का?’ असा मेसेज जात असेल. तिचे पैसे बुडाले, तिनं तक्रार केली, की पोलिसांना नाव सापडेल ते शिवणक्लासवाल्या बाईचं, म्हणजे तुझं. पत्राखाली ‘एक फसलेली’ अशी सही केलीयस. अठरा हजारांपुरती ती मला मान्य. सिमचं तसं नाही. त्याला मुखवटा तू शिवून दिलास आणि तीन महिने त्याची साधी चौकशी केली नाहीस.

उद्या क्लासला सुट्टी दे. आधार घेऊन सिम कंपनीच्या दुकानात जा, ते सिम बंद कर, तसं लिहून घे. तिथून थेट सायबर पोलिसांकडे, म्हणजे आपल्या सीईएन ठाण्यात. चॅटमधलं एक अक्षर पुसू नकोस. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत तेही बघ. आधारचा फोटो त्याच्याकडे आहेच. पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर, पण तो त्याच दिवशी करायचा असतो. एवढ्या उशिरा फार आशा धरू नकोस.

‘तक्रार कन्नडमधून लिहावी लागेल म्हणून गेले नाही’ म्हणे! बाजारात अस्तराच्या कापडाचा भाव कन्नडात पाडून घेतेस की. लिहायला वहिनीला ने, ती कन्नड शाळेत शिकलीय असं तूच लिहिलंयस. त्यासाठी तिला सगळं सांगावं लागेल, आणि खरं अडलंय ते तिथंच, हे मला कळतं गं. आज रात्री आई झोपली की दोघींचा चहा टाक आणि सांगून टाक. आणि कुरिअरची पावती शोध. मशीनच्या खणात असेल बघ. पत्ता त्याच्यावरच आहे.