पिंक फ्लॉइड वाजवताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाजलेल्या एखाद्याच रॉक गटाची गाणी वाजवणाऱ्या ट्रिब्यूट बँडमध्ये काम करताना पडणाऱ्या प्रश्नांविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रलेखक पिंक फ्लॉइडची गाणी वाजवतात, त्यामुळे उत्तरांतही तोच गट पुन्हा पुन्हा येईल. बीटल्स, क्वीन किंवा लेड झेपेलिन वाजवणाऱ्यांना तपशील बदलून घ्यावे लागतील, पण अडचणी जवळपास याच असतात.

प्रश्न : आमच्या बँडमध्ये मी गिटार वाजवतो. ‘कम्फर्टेबली नम्ब’चा शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा भाग, रेकॉर्डवर आहे तसाच, एकही स्वर न बदलता वाजवावा, असा आमच्या कीबोर्डवादकाचा आग्रह आहे. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर स्वतः मंचावर तो वेगवेगळ्या प्रकारे वाजवत आले आहेत, मग मीच का बांधून घ्यावे? आमच्या दोघांत कोणाचे बरोबर आहे?

उत्तर : तुम्ही दोघेही ‘मूळ’ सोलोविषयी बोलत आहात, पण दोघांच्या मनातले मूळ एक नाही. रेकॉर्डवरचा, म्हणजे 1979 च्या ‘द वॉल’ या अल्बममधला सोलो गिल्मोर यांनी एका दमात वाजवलेला नाही. त्यांनी तो अनेकदा वाजवला आणि प्रत्येक वेळच्या चांगल्या जागा निवडून, त्या एकापुढे एक जोडून आज आपल्याला पाठ असलेला सोलो तयार केला. मंचावरचे सोलो याहून लांब आहेत आणि दौऱ्यागणिक बदलत गेलेले आहेत. 1994 च्या दौऱ्यातला सोलो अनेकांना रेकॉर्डपेक्षाही अधिक प्रिय आहे. त्यामुळे कीबोर्डवादकाला हवे असलेले मूळ ही स्टुडिओत घडवलेली रचना आहे आणि तुम्हाला हवे असलेले मूळ ही वाजवण्याची एक रीत आहे. दोन्हींशी प्रामाणिक राहता येते, मात्र एकाच वेळी नाही.

माझे मत विचारत असाल तर, रेकॉर्डवरचा सोलो आधी संपूर्ण आत्मसात करावा आणि मगच त्याच्यापासून दूर जाण्याचा विचार करावा. ‘गिल्मोर स्वतः बदलतात’ हा युक्तिवाद खरा असला, तरी तो सोलो ज्याला अखेरपर्यंत नीट वाजवता येतो त्यानेच करावा. अन्यथा अवघड जागा टाळण्यासाठी तो वापरला जातो, आणि हे मी अनेक बँडांत पाहिले आहे. याच गाण्यात आधी येणारा छोटा सोलो तर गाण्याच्या चालीचाच भाग आहे. श्रोते तो गुणगुणतात, म्हणून त्यात बदल करू नये. शेवटच्या सोलोत सुरुवातीची वाक्ये आणि ज्या उंच स्वरांवर तो येऊन थांबतो ती ठिकाणे जपावीत. मधल्या प्रवासात तुम्हाला मोकळीक आहे. ती मोकळीकही गिल्मोर यांच्या भाषेतलीच हवी. तार खेचून सावकाश गाठलेला स्वर, त्यावरचा संथ कंप आणि दोन वाक्यांमध्ये सोडलेली जागा ही ती भाषा आहे. ती जागा तुम्ही वेगवान तानांनी भरून काढणार असाल, तर कीबोर्डवादकाचे म्हणणे बरोबर आहे.

तुमच्या पत्रात न आलेल्या एका गोष्टीकडे मात्र मला लक्ष वेधायचे आहे, कारण बहुसंख्य बँड तेथेच कमी पडतात. ती गोष्ट म्हणजे लय. पिंक फ्लॉइडची गाणी फार संथ आहेत आणि संथ वाजवणे हे जलद वाजवण्यापेक्षा अवघड असते, कारण समोर श्रोते बसले की हात आपोआप पुढे धावू लागतात. 1975 च्या ‘शाईन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये कीबोर्डच्या लांबलेल्या स्वरपटावर कितीतरी वेळ गेल्यानंतर गिटारचे ते प्रसिद्ध चार स्वर येतात. ती प्रतीक्षा कमी केली, की ते चार स्वर फक्त चार स्वर उरतात. म्हणून तालमीचे आणि कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करा, दोन्ही ठिकाणची लय मोजा आणि फरक सर्वांनी मिळून ऐका. स्वतःच्या वाद्यापेक्षा इतरांची वाद्ये ऐकण्यात अधिक वेळ घालवा. निक मेसन ड्रमवर किती थोडके वाजवतात आणि रिचर्ड राइट यांचा हॅमंड ऑर्गन गिटारच्या वाक्याखाली केव्हा वर येतो व केव्हा मागे सरतो, हे उमगल्यावर गिटारवादकाला स्वतःच्या सोलोतले अनेक स्वर अनावश्यक वाटू लागतात. हाच नियम तुमच्या कीबोर्डवादकालाही लागू आहे. गिटारकडून एकेका स्वराचा हिशेब मागणाऱ्याने राइट यांच्या स्वरसंगतीतले स्वर वरखाली कसे रचलेले आहेत, हेही तितक्याच काटेकोरपणे तपासले पाहिजे.

जुनी उपकरणे विकत घ्यावीत का, असेही तुम्ही विचारले आहे. घेऊ नयेत. गिल्मोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार, हायवॉट ॲम्प, गिटारचा ध्वनी बदलणारे बिग मफ पेडल आणि बिन्सन कंपनीचे एकोरेक हे प्रतिध्वनियंत्र यांचे महत्त्व मोठे आहे, पण आजच्या साध्या पेडलांनीही त्या ध्वनीच्या पुष्कळ जवळ जाता येते. प्रतिध्वनीचे अंतर मात्र गाण्याच्या लयीशी जुळवून ठेवा. ते चुकले, की महागडे यंत्रही गढूळ वाजते.

प्रश्न : मी गायिका आहे. आमच्या बँडने ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ कार्यक्रमात घ्यायचे ठरवले आहे. मूळ गायन शब्दांविना आणि उत्स्फूर्त आहे, असे मी वाचले. मग मी त्याची हुबेहूब नक्कल करावी, की माझ्या मनाने गावे? शिवाय शेवटपर्यंत माझा गळा टिकत नाही.

उत्तर : तुमच्या प्रश्नात या संगीताचा एक फार सुंदर पेच आहे. 1973 च्या जानेवारीत क्लेअर टॉरी ही तरुण गायिका एका रविवारी ॲबी रोड स्टुडिओत आली. तिला शब्द दिलेले नव्हते आणि चालही नेमून दिलेली नव्हती. स्वतःचा आवाज हे एक वाद्य आहे असे मानून ती गायली आणि 30 पौंड मानधन घेऊन परतली. पुढे 2004 साली तिने रचनेतील आपल्या वाट्यासाठी दावा दाखल केला. 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून रिचर्ड राइट यांच्या जोडीला तिचेही नाव छापले जाते. जे त्या दिवशी सुचेल तसे गायले गेले होते, ते आता नाव लावलेली, सही केलेली रचना आहे. म्हणून ते रचनेसारखेच शिकावे, असे मला वाटते. वाक्यांचा क्रम, चढत जाणारा पहिला भाग, नंतरचा मंद आणि जवळजवळ थकलेला भाग, हे सर्व आधी जसेच्या तसे बसवा. त्यानंतर एखादी जागा तुमच्या गळ्यातून वेगळी आली, तर तिला अडवू नका. पण ‘उत्स्फूर्त होते म्हणून मीही उत्स्फूर्त गाईन’ असे म्हटल्यास टॉरीने केलेली रचना नाकारल्यासारखे होईल, आणि तिला ती मान्य करवून घेण्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ लागला होता.

गळ्याविषयी : पिंक फ्लॉइडने 1988 आणि 1994 च्या दौऱ्यांत हे गायन तीन गायिकांमध्ये वाटून दिले होते. त्यामुळे तुमच्याकडे दुसरी गायिका असेल, तर शांत भाग तिच्याकडे सोपवण्यात कमीपणा मानू नका. तुम्ही एकट्याच असाल, तर पट्टी एक स्वर खाली घ्या. या गाण्याचा कणा पियानो आहे, त्यामुळे पट्टी बदलणे वादकांना जड जात नाही. शिवाय ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमच्या एलपीची पहिली बाजू येथेच संपत असल्यामुळे पुढच्या गाण्याशी सांधा जुळवण्याची अडचण येत नाही. त्याच अल्बममधल्या ‘टाइम’ला जोडून गाणार असाल, तर सुरुवातीचा सांधा मात्र नव्याने बसवावा लागेल. ओरडल्यासारखा भास होणाऱ्या जागा खरोखर ओरडून काढू नका. त्यासाठी आवाजाच्या एखाद्या जाणत्या शिक्षकाकडे काही काळ शिकणे मला आवश्यक वाटते, कारण तालमीत दुखावलेला गळा कार्यक्रमापर्यंत बरा होईलच असे नसते.

प्रश्न : गाण्यांतले नाण्यांचे, घड्याळांचे आवाज आम्ही संगणकावरून वाजवतो. त्यासाठी कानात क्लिक ट्रॅक, म्हणजे ठरलेल्या लयीत वाजत राहणारी टकटक हवी, असे ध्वनियोजक म्हणतात. आमचा ड्रमवादक त्याला तयार नाही. काय करावे?

उत्तर : ही अडचण खुद्द पिंक फ्लॉइडलाही आली होती. 1972 च्या जानेवारीत ब्रायटन येथे, अल्बम ध्वनिमुद्रित होण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ प्रथम मंचावर वाजवायला घेतला, तेव्हा ‘मनी’ या गाण्यापर्यंत आल्यावर तांत्रिक बिघाडामुळे तो मध्येच थांबवावा लागला.

सर्व गाण्यांना एकच नियम लावू नका. ‘मनी’ची सुरुवात सात आवाजांच्या फिरत्या ध्वनिफितीने होते आणि गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे, गिटारच्या सोलोत तो चारवर येतो आणि नंतर पुन्हा सातवर जातो. रेकॉर्डवर बँड स्थिरावल्यावर ती फीत हळूहळू विरते. तुम्हीही तसेच करा : पहिल्या काही आवर्तनांपुरती लय ध्वनिफितीची, त्यानंतर लय ड्रमवादकाची. ‘टाइम’मधली घड्याळे तर तालात नाहीतच, त्यामुळे ती कळ दाबून सुरू करता येतात आणि त्यांच्यासाठी क्लिकची गरज नाही. ‘ऑन द रन’ सर्वस्वी सिंथेसायझरच्या आवर्तनावर उभे आहे. तेथे मात्र यंत्राचीच लय पाळावी लागेल. एवढी विभागणी केल्यावर तुमचा ड्रमवादक नकार देईल असे मला वाटत नाही, कारण त्याची हरकत बहुधा क्लिकला नसून संपूर्ण कार्यक्रम यंत्राच्या ताब्यात जाण्याला असावी, आणि ती हरकत रास्त आहे. दोन-अडीच तास क्लिकवर वाजवलेले पिंक फ्लॉइड मला तरी निर्जीव वाटते.

प्रश्न : दुसऱ्यांची गाणी तिकीट लावून वाजवण्यासाठी परवानगी लागते का? गटाचे बोधचिन्ह जाहिरातीत वापरता येते का?

उत्तर : देशोदेशीचे कायदे वेगळे असल्यामुळे येथे सर्वसाधारण स्वरूपच सांगता येईल. सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून घेतला जातो आणि अनेकदा तो सभागृहाने आधीच घेतलेला असतो. तसे आहे का, हे लेखी विचारून घ्या. कार्यक्रमाची चित्रफीत प्रसिद्ध करणे किंवा ध्वनिमुद्रण विकणे यांसाठी हा परवाना पुरत नाही. गटाचे नाव, बोधचिन्हे आणि अल्बमवरची चित्रे हा आणखी वेगळा हक्क आहे, तेव्हा ती जशीच्या तशी छापू नका. जाहिरातीत ‘ट्रिब्यूट’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असावा, म्हणजे खुद्द तोच गट येणार आहे असा कोणाचाही समज होणार नाही.

प्रश्न : मी बेस वाजवतो आणि स्वतःच्या रचनाही करतो. ट्रिब्यूट बँडमध्ये असणे म्हणजे नक्कल करत आयुष्य घालवणे, असे माझे मित्र म्हणतात. मी यातून बाहेर पडावे का?

उत्तर : मित्रांच्या मताशी मी सहमत नाही. वाद्यवृंदात बीथोव्हेन वाजवणाऱ्या वादकाला कोणी नक्कल करणारा म्हणत नाही. रॉकच्या बाबतीत अडचण एवढीच, की येथे रचना आणि ती प्रथम वाजवणारी माणसे यांना आपण आजवर वेगळे करून पाहिलेले नाही. ते आता करावे लागेल. रॉजर वॉटर्स 1985 मध्ये पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडले, 2005 मध्ये चौघे एका कार्यक्रमापुरते एकत्र आले आणि 2008 मध्ये रिचर्ड राइट यांचे निधन झाले. ही गाणी समोर बसून ऐकायची असतील, तर ती इतरांनी वाजवली पाहिजेत. 1988 मध्ये ॲडलेड येथे सुरू झालेल्या ‘द ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ने 1996 साली गिल्मोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या समारंभात वादन केले होते, ज्यांची गाणी त्यांनाच यात गैर वाटले नाही. निक मेसन यांनी तर 2018 मध्ये नवा गट उभारून पिंक फ्लॉइडची सुरुवातीच्या काळातली गाणी पुन्हा मंचावर आणली.

ट्रिब्यूट बँडमधून मूळ गटात गेलेल्यांची उदाहरणेही आहेत. टिम ओवेन्स जूडास प्रीस्ट या हेवी मेटल गटाची गाणी गाणाऱ्या बँडमधून 1996 मध्ये थेट जूडास प्रीस्टमध्ये गेले, तर येस या गटाने 2012 मध्ये घेतलेले जॉन डेव्हिसन हेही येसच्या ट्रिब्यूट बँडमध्ये गायलेले होते. परंतु असे क्वचितच घडते, तेव्हा ते मनात धरून या कामाकडे पाहू नका. याचा खरा लाभ रोजच्या तालमीत आहे. कमी स्वरांत गाणे कसे उभे राहते, तेवीस मिनिटांची रचना श्रोत्याला कशी धरून ठेवते, हे पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ शंभरदा ऐकून जेवढे कळत नाही, तेवढे ते सहकाऱ्यांबरोबर बसवताना कळते.

तरीही तुमच्या शंकेत एक खरा धोका आहे. दुसऱ्याच्या लकबी बोटांत इतक्या मुरतात, की स्वतःची चाल करायला बसल्यावर त्याच पुढे येतात. कार्यक्रमाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी रचनेला बसू नका. शक्य असेल तर चाल बेसवर न बांधता पियानोवर किंवा नुसत्या गळ्याने बांधा. रचनेसाठी आठवड्यातला ठराविक वेळ राखून ठेवा आणि तालमीच्या वेळा ठरवताना तो बँडला सांगा. काही महिन्यांनंतरही स्वतःचे काम पुढे सरकले नाही, तर बँड न सोडता कार्यक्रम कमी करा. मात्र हे सहकाऱ्यांना आधीच कळवा, कारण ‘मनी’चा बेस दुसऱ्या वादकाकडून बसवून घ्यायला त्यांना पुरेसा अवधी लागेल.