आधी तारीख, मग फौज

गेल्या अंकात माझ्या जेवणाच्या टेबलावरच्या लढाईबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं येऊ लागली. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: बोटाएवढे सैनिक रंगवायचे, टेबलावर नदी-टेकड्या मांडायच्या, पट्टीने अंतर मोजून चाल करायची, फासे टाकून निकाल लावायचा. दुसऱ्या महायुद्धातली एखादी चकमक अशी दोघांत रंगते. ओझरच्या विमान कारखान्यात टूलरूममध्ये माझी छत्तीस वर्षं गेली, त्यामुळे माप चुकलेलं दिसलं की मला चैन पडत नाही. उत्तरांत ते डोकावेलच.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टायगर रणगाड्यापासून सुरुवात करायची आहे. २८ मिलिमीटरचं माप घेऊ की १/७२? पैसे बेताचेच आहेत. (गंगापूर रोड)

टायगर सगळ्यांनाच हवा असतो. अख्ख्या युद्धात जर्मनांचे टायगर-१ बनले साडेतेराशेच्या आसपास, पण छंदी लोकांच्या कपाटात पाहावं तर जो तो टायगरवालाच. सत्तावन्न टनांचं ते धूड दहा-बारा पायदळ्यांसमोर आणून ठेवलंस तर खेळ दोन चालींत आटोपेल. मग त्याला तोडीस तोड शत्रू हवा, त्या शत्रूला मैदान हवं, आणि महिनाअखेरीस तू वडापाववर.

तू उलटं कर. आधी तारीख ठरव, मग फौज घे.

माझी तारीख सांगतो : ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन्ही काठांना उंच मातीचे बांध, आपल्याकडे कालव्याचा भराव असतो तसे, आणि त्या बांधांत जर्मनांनी खोदून ठेवलेली ठाणी. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनची एक कंपनी पूर्वेच्या बांधावर चढत होती. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे त्या कंपनीचे रनर, म्हणजे निरोप्ये. त्यांनी एका जखमी साथीदाराला खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं. मग परत जाऊन दुसऱ्याला आणलं. मग मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. हाताला गोळी लागल्यावर टॉमी गन (हातातली छोटी मशिनगन) टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली आणि मागच्यांना वर बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं, आणि ते घ्यायला ते जिवंत होते.

आता या एका तारखेने तुझी यादी किती छोटी केली ते बघ. मराठ्यांचे दोन सेक्शन, प्रत्येकात साधारण दहा जण आणि एक ब्रेन गन, म्हणजे हलकी मशिनगन. प्लाटूनची एक दोन इंची मॉर्टर, म्हणजे छोटी उखळी तोफ. समोर जर्मनांची तीन मशिनगन ठाणी. दोन बांध, मधे पाणी. रणगाडा एकही नाही! पस्तीस-चाळीस सैनिकांत काम झालं.

मापाचं म्हणशील तर २८ मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची. वाहनांसाठी लोक साधारण १/५६ धरतात, म्हणजे खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाएवढं. चेहरा रंगवता येतो, पण महाग पडतं. १/७२च्या एका खोक्यात चाळीसेक शिपाई निघतात आणि खिशाला परवडतात. खोड एकच : प्लास्टिक मऊ असतं, संगीन वाकली की तिच्यावरचा रंग पोपडे धरून पडतो. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवायचं, मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. तू १/७२ घे. मी २८ वापरतो, कारण आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

प्रश्न : मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नातवाने पंचवीस पौंडी तोफ आणली. त्याच्या नियमांत तिचा पल्ला फक्त सहा फूट! ही काय थट्टा आहे? (देवळाली कॅम्प)

सुभेदारसाहेब, तुमचा राग रास्त आहे. पण नातवाला बोलण्याआधी माझा हिशोब पाहा. पंचवीस पौंडीचा (पंचवीस पौंड हे गोळ्याचं वजन) खरा पल्ला १३,४०० यार्ड, म्हणजे सव्वाबारा किलोमीटरच्या आसपास. १/७२ने भागला तर १७० मीटर. तोफ तुमच्या हॉलमध्ये असेल तर गोळा गल्लीच्या टोकाला, किराणा दुकानाच्याही पुढे पडेल.

बंदुकीचीही तीच गत. पुष्कळ नियमांत रायफलचा पल्ला २४ इंच असतो. १/५६च्या मापाने तो चौतीस मीटर भरतो. चौतीस मीटरवर रायफल थांबते असं म्हणणाऱ्याला तुम्ही परेड ग्राउंडला पळायला लावलं असतं. गोम अशी, की सैनिकाचं माप वेगळं आणि जमिनीचं माप वेगळं. सैनिक डोळ्यांना दिसावा म्हणून मोठा केलेला असतो आणि जमीन टेबलावर मावावी म्हणून दुमडलेली असते. टूलरूमवाल्याला हे पचायला दोन वर्षं लागली.

मी काय करतो सांगू? तोफ टेबलावर ठेवतच नाही. ती चार मैल मागे आहे असं धरतो. टेबलावर फक्त निरीक्षण अधिकारी आणि त्याचा वायरलेसवाला असतो. त्याला लक्ष्य दिसलं आणि संपर्क लागला, तरच गोळे येतात. कधी येत नाहीत, कधी उशिरा येतात, कधी आपल्याच माणसांजवळ पडतात. यातलं किती खरं ते मी तुम्हाला सांगावं, म्हणजे गोदेला ओंजळभर पाणी. गोळ्यांनी माणसं मेली नाहीत तरी समोरच्यांची डोकी खाली राहतात आणि तेवढ्यात पायदळ पुढे सरकतं. जे नियम हा दबाव मोजतात ते घ्या, नुसती मुडद्यांची मोजदाद करणारे सोडून द्या. नातवाला निरीक्षक करा आणि तुम्ही आतल्या खोलीतून, न बघता, फायर द्या. रात्रीचे जेवण चुकेल, जबाबदारी माझी नाही.

प्रश्न : खाकी नेमका कोणता? (सिडको)

तारीख कळवा. इटलीत हिवाळ्यात लोकरी बॅटलड्रेस, उन्हाळ्यात सुती खाकी ड्रिल, १९४४च्या ब्रह्मदेशात जंगली हिरवा. एकच डबी सगळ्यांना फासू नका.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारला तर सगळे सैनिक भुरकट, खरखरीत झाले. आणि थर्माकोलची टेकडी वितळली! (पंचवटी)

ताई, ही दोन्ही पापं मी एकाच श्रावणात केली आहेत. हवेत ओल असली की स्प्रेचा रंग साय धरल्यासारखा बसतो. उघडीप मिळाली नाही तर ब्रशने लावायचा प्रायमर वापरा. वेळ जातो, पण फसत नाही. थर्माकोलला स्प्रेमधला द्रावक खातो, काही झटपट चिकटणारे गोंदही खातात. आधी फेव्हिकॉलचे दोन हात द्यायचे, पुरतं वाळू द्यायचं, मग रंग.

पण टेकडीसाठी थर्माकोल हवाच कशाला? दिवाळीत किल्ला केला असेलच. विटा रचून वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकतो ना, अगदी तेच इथे करा, फक्त चिखलाऐवजी प्लास्टर. गोणपाटाच्या सुरकुत्यांच्या कड्या होतात. वाळवलेला चहाचा चोथा म्हणजे झाडाखालचा पाचोळा, नारळाच्या काथ्याचं उंच गवत, आणि वाळू चहाच्या गाळण्यातून चाळून. गाळणं मात्र नवीन आणा. आमच्या घरी त्यावरून जे झालं ते छापण्यासारखं नाही.

प्रश्न : मुलाला आझाद हिंद सेना विरुद्ध ब्रिटिश हिंदी सेना असा खेळ मांडायचा आहे. सासरे म्हणतात, आपलीच माणसं आपल्याच माणसांवर कशी घालता? (नाशिकरोड)

सासरे चुकीचं बोलत नाहीत, आणि मुलगाही. १९४४ साली इंफाळच्या आघाडीवर दोन्ही बाजूंना हिंदी माणसं होती. १४ एप्रिलला मोइरांगला कर्नल शौकत मलिक यांनी आझाद हिंदचा झेंडा फडकवला, आणि त्याच मुलखात ब्रिटिशांच्या गणवेशातल्या हिंदी पलटणी जपान्यांना अडवत होत्या. ते टेबलावर मांडलं म्हणून वाईट होत नाही आणि झाकलं म्हणून नाहीसं होत नाही.

पण मांडायचं तर खरं मांडा. आझाद हिंदच्या तुकड्यांकडे तोफखाना नव्हता, वायरलेसची वानवा होती, पुढेपुढे तर खायलाही नव्हतं. मुलाने त्यांना रणगाडे देऊन जिंकवलं तर तो सिनेमा होईल. मी स्वतः हा खेळ एकदा मांडला आणि तिसऱ्या चालीला थांबवला. फासा हातात होता, टाकवेना. नंतर पुन्हा मांडला नाही.

सासऱ्यांना चालेल अशी तारीख हवी असेल तर सांगशाक घ्या : २० ते २६ मार्च १९४४, मणिपूरच्या डोंगरात. पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन, समोर कोहिमाकडे निघालेले जपानी. काटेरी तार नाही, आणि खंदक खणावा तर थोड्याच खाली कातळ. टेबलावर खंदक आखूड ठेवा, पाणी मोजून द्या. ठाणं पडलं, पण जपान्यांचे मोलाचे दिवस तिथे गेले. खेळात मराठ्यांनी किती चाली तग धरला यावर गुण द्या, सासऱ्यांना पंच करा.

प्रश्न : काका, माझ्या किल्ल्यावरच्या मावळ्यांशी दादाचा शेर्मन रणगाडा लढू शकतो का? दादा नाही म्हणतो. (इयत्ता चौथी, सातपूर)

दादा मापापुरता बरोबर आहे. तुझा मातीचा मावळा चार इंचांचा असेल. दादाचा १/७२चा शेर्मन लांबीला तीन इंचांहून थोडाच जास्त. मावळ्याने त्यावर पाय ठेवला तरी लढाई संपली, फासे टाकायची गरजच नाही. बरोबरीची लढाई हवी असेल तर मावळ्याच्या मापाचा शेर्मन सव्वा फुटाच्या आत-बाहेर होतो, म्हणजे बाबांच्या बुटाच्या खोक्याएवढा. खोकं माग, वर श्रीखंडाचा डबा उलटा चिकटव, तोफेला वर्तमानपत्राची गुंडाळी कर. आणि किल्ल्याच्या दरवाज्याची वाट अरुंद ठेव.