मक्काबी उठावाच्या तारखा जुळत नसतील तर आधी वर्षारंभ बघा

मक्काबी उठाव म्हणजे सेल्युसिड राजा अँटिओकस चौथ्याविरुद्धचा ज्यूंचा उठाव; त्याच्या तारखांचा तुमचा तक्ता पाहिला. जेरुसलेमच्या मंदिराचं शुद्धीकरण इ.स.पू. १६५ मध्ये, अँटिओकस चौथ्याचा मृत्यू पुढच्या वर्षी, आणि त्याचा सेनापती लिसियस याची दुसरी स्वारी मक्काबींच्या एका ग्रंथात १४९ साली तर दुसऱ्यात १५० (ही सालं त्या काळच्या शकाची). सगळे इथेच अडकतात. उठावाची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत, ती सोडतो.

मक्काबींच्या दोन्ही ग्रंथांतली (उठावाचा इतिहास सांगणारे हे दोन ग्रंथ) सालं सेल्युसिड राजवटीच्या शकाची आहेत आणि त्या शकाला वर्षारंभ दोन. मॅसेडोनियन गणना इ.स.पू. ३१२ च्या शरदापासून, बाबिलोनची ३११ च्या वसंतापासून. आपल्याकडे विक्रम संवत गुजरातेत कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात, तसंच. सरसकट एकच आकडा वजा केला की घोळ झालाच.

किस्लेव्ह हा ज्यू महिना (नोव्हेंबर-डिसेंबर) घ्या. वसंत गणनेत साल ३१२ मधून वजा करायचं, शरद गणनेत ३१३ मधून. मंदिराच्या घटना वसंत गणनेने धरा: विटाळ १४५, म्हणजे १६७; शुद्धीकरण २५ किस्लेव्ह १४८, म्हणजे डिसेंबर १६४. राजाचा मृत्यू पहिल्या ग्रंथात १४९ साली आहे, पण ते शरद गणनेचं साल. बाबिलोनच्या राजावलीत मृत्यूची बातमी किस्लेव्ह १४८ मध्ये पोचल्याची नोंद आहे. दोन्ही १६४ च्या अखेरीस येतात, म्हणजे तुमची वर्षभराची फट उरतच नाही. लिसियसचंही तेच: शरदाचं १५० आणि वसंताचं १४९ ही सालं १६३ च्या शरदापासून १६२ च्या वसंतापर्यंत एकमेकांवर येतात.

सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, काही जण शुद्धीकरण १६५ मध्येच ठेवतात. मला ते पटत नाही.

तुमच्या तक्त्यासारखाच छापील रूपांतर-तक्ता एका मोठ्या ग्रंथालयातून मिळतो. त्यात वर्षारंभाचा रकानाच नाही. चूक पुराव्यानिशी कळवली, तर ‘तक्ता प्रमाणित आहे’ एवढंच उत्तर आलं. त्याच्या भरवशावर केलेली टिपणं सगळी बाद झाली, याचा संताप अजून जात नाही. तुम्ही तरी प्रत्येक सालापुढे ‘वसंत’ किंवा ‘शरद’ लिहाच. आणि शबाट-अदार (साधारण जानेवारी ते मार्च) हे महिने वसंत गणनेत असतील तर ३११ मधून वजा करा, तिथे हमखास चुकतं.

जाता जाता: अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आलेले बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) अँटिओकसच्या छळातून निसटले, अशी परंपरा आहे. त्यांच्या जुन्या सणांत हनुक्का, म्हणजे मंदिराच्या शुद्धीकरणाचा सण, नव्हता, म्हणून ते शुद्धीकरणाआधीच निघाले असावेत, असा तर्क करतात. तर्क चांगला आहे, पण समकालीन लेखी पुरावा नाही. तारखांच्या तक्त्यात घालू नका, खाली वेगळी टीप द्या.