मार्शल आर्टमधला डाव खऱ्या झटापटीत कशामुळे लागतो?

तुम्ही विचारलंय की दादरच्या क्लासमध्ये मनगट सोडवायचे आणि हात पिरगाळायचे डाव शिकवतात, ते खऱ्या झटापटीत चालतील का. मी बरीच वर्षं ज्युडो करतोय. माझ्या मते डाव कोणता यापेक्षा तो कसल्या माणसावर घोटवलाय हे महत्त्वाचं. जोडीदार हात सैल सोडून उभा असेल, तर कुठलाही डाव लागतो.

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत ज्युडो सुरू केलं आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या कलेतले घातक प्रकार मोकळ्या सरावातून काढून टाकले. त्यामुळे कला बोथट व्हायला हवी होती. झालं उलटंच! इजेची भीती कमी झाली म्हणून शिष्य अंगात असेल तेवढा जोर लावून, अडवणाऱ्या माणसावर उरलेले डाव रोज टाकू शकले. डोळ्यात बोट घालणं कितीही जालीम असो, त्याचा सराव कोण कोणावर करणार? आपल्या तालमीतही खडाखडीपासूनच, म्हणजे सुरुवातीला हातांनी एकमेकांना अजमावतानाच, समोरचा अंगावर येतो, म्हणून पैलवानाचा डाव पक्का होतो.

दुसरी गोष्ट तोल. ओसोतो गारी या ज्युडोतल्या डावात आपण समोरच्याचा पाय मागून छाटतो, पण त्याचा भार त्याच पायावर आणल्यावर. भार नसेल तर तो पाय सहज काढून घेतो आणि आपणच एका पायावर अडकतो. मनगटाचंही तसंच. अंगठ्याच्या बाजूला पकड कच्ची असते, हे खरं. पण धरणारा तुम्हाला खेचत असतो, त्याचा दुसरा हात मोकळा असतो. क्लासमध्ये त्या दुसऱ्या हाताचं काय करतात, हे जरूर विचारा.

जागेनेही फरक पडतो. कुस्तीगीर खाशाबा जाधव 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मातीची सवय होती, मॅटची नव्हती; तरी सहावे आले, आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य घेऊन आले. मग लोकलच्या गर्दीत किंवा पावसाने निसरड्या झालेल्या जिन्यावर उंच लाथ कशी मारणार? तिथे पळायला वाट असेल तर पळाच.

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. शेवटच्या अर्ध्या तासात मुलं खरोखर एकमेकांशी लढत असतील, डाव फसत असतील, घामाघूम होऊन पुन्हा धरत असतील, तर खुशाल नाव घाला.