पीपीओवर एक लाख, पासबुकात एक लाख अकरा हजार

सर, तुमची अडचण मला समजली ती अशी. अनुदानित कॉलेजातून निवृत्त, मुलगी पोर्तुगालमध्ये पोर्टोला, तुम्ही आणि वहिनी डी-७ व्हिसावर (पेन्शन, भाडं अशा नियमित उत्पन्नावर राहणाऱ्यांचा व्हिसा) तिकडे राहायला जाणार. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावर, मूळ पेन्शन १,००,०००, खात्यात दरमहा १,११,००० जमा, फॉर्म १६ वर तिसराच आकडा. फाईल 'उत्पन्नाचा पुरावा स्पष्ट नाही' म्हणून परत आली आणि आता तुम्ही विचारताय, आणखी एक एफडी दाखवू का?

एफडी राहू द्या. आधी तुमचे कागद एकमेकांशी भांडतायत ते मिटवा.

निवृत्त होताना तुम्ही ४० टक्के पेन्शन विकलीत, म्हणजे तेवढा भाग सोडून एकरकमी पैसे घेतलेत. लाखातले ४०,००० गेले, उरले ६०,०००. पण महागाई भत्ता मिळतो तो विकण्याआधीच्या पूर्ण लाखावर. ५८ टक्के धरला तर ५८,०००. झाले १,१८,०००. त्यातून टीडीएसचे सातेक हजार गेले की तुमचे १,११,०००. आपल्याला हे तोंडपाठ असतं, कारण कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. पण फाईल बघणाऱ्या पोर्तुगीज माणसाला पीपीओवर दिसतात एक लाख, त्याखाली ४०,००० वजा, आणि पासबुकात पैसे उलट जास्त. 'पेन्शन विकली' ही भानगडच त्याला ठाऊक नाही. फॉर्म १६ मागच्या आर्थिक वर्षाचा, तेव्हा महागाई भत्ता कमी होता, त्यात मधेच फरक जमा झालेला. बाराने भागून काही हाती लागत नाही. मग त्याने 'स्पष्ट नाही' लिहिलं तर त्याचं काय चुकलं?

उपाय म्हणजे फोड दाखवणारा एक दाखला. तो बँकेत मागू नका. राज्याची पेन्शन कोषागार काढतं, बँकेत ती नुसती जमा होते. (केंद्राच्या बहुतेक पेन्शनरांचा हिशेब बँकेचा केंद्रीय पेन्शन विभाग करतो, आणि खडकी-देहूरोडकडच्या संरक्षणवाल्यांना त्यांच्या 'स्पर्श' या ऑनलाईन पेन्शन पोर्टलवर जावं लागतं.) कोषागारात जाताना इंग्रजी मसुदा टाईप करून न्या, नाहीतर छापील मराठी नमुना हातात पडेल आणि वर भाषांतराचा खर्च. मसुद्यात पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीख, मग ओळीखाली ओळ: मूळ पेन्शन, विकलेला भाग वजा, महागाई भत्ता, टीडीएस वजा, हातात येणारी रक्कम. शेवटी दोन वाक्यं हवीतच. एक, ही पेन्शन आजीवन देय आहे. दोन, विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होईल, अमुक तारखेपासून. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. तुमचं उत्पन्न पुढे वाढणार आहे हे सरकारी शिक्क्यासह सांगायची संधी का सोडायची?

त्या दाखल्यामागे सहा महिन्यांचा खाते उतारा जोडा. माझ्या डी-७ अर्जाच्या वेळी मी प्रत्येक पेन्शन जमेवर पिवळा हायलायटर मारला होता आणि समासात पेन्सिलीने दाखल्यातली ओळ कुठली ते लिहिलं होतं. बायको म्हणाली, पेपर तपासताय का. पण त्यावर एकही प्रश्न आला नाही.

आता रकमेचं. डी-७ ची किमान अट तिथल्या किमान वेतनाला बांधलेली आहे, आणि ते दर जानेवारीत वाढतं. मी २०२३ साली अर्ज केला तेव्हा महिना ७६० युरो होतं. २०२६ साठी ९२० आहे. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे तुम्हा दोघांचे १,३८०. युरो १०२ रुपये धरला तर तुमच्या १,११,००० चे होतात १,०८८. तुमच्या एकट्यापुरतं भागतं, दोघांचं नाही. तेव्हा कागद जुळले तरी फाईल इथे अडकली असती.

पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की कोथरूडच्या फ्लॅटचं २२,००० भाडं वहिनींच्या खात्यात येतं, आणि 'ती काही पेन्शन नव्हे' म्हणून ते दाखवलंच नाही. अहो सर, तोच तर तुमचा हुकमाचा पत्ता! डी-७ ला पेन्शनच पाहिजे असं नाही, भाडं आणि व्याजही चालतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमचे ३० लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना २०,५००. सगळं मिळून १,५३,५००, जवळजवळ १,५०५ युरो. रुपया आणखी थोडा घसरला तरी काठावर येणार नाही. अट एकच, भाडेकरार नोंदणी केलेला हवा. नुसता नोटरी केलेला कागद असेल तर आधी ऑनलाईन नोंदणी करून घ्या, महाराष्ट्रात तसाही तो नोंदवावाच लागतो. आणि भाडं रिटर्नमध्ये दिसायला हवं.

एफडी नको म्हणालो त्याचं कारण माझीच फजिती. एका एजंटच्या सांगण्यावरून मी मुलाकडून १० लाख घेऊन खात्यात टाकले, 'शिल्लक भरघोस दिसते' म्हणून. झालं उलटंच. हे पैसे कुठून आले, परत द्यायचे आहेत का, मुलाचं उत्पन्न काय, अशी पत्रापत्री सुरू झाली आणि दोन महिने गेले. शिल्लक बघतात हे खरं, पण ती तुमची जुनी, शांत पडलेली असावी. तुमची आहे तेवढी ठीक आहे.

नावांचं बघून ठेवा. पीपीओवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वहिनींच्या ईपीएसच्या (भविष्य निर्वाह निधीवाल्या पेन्शन योजनेच्या) कागदांवर माहेरचं नाव. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून टाका. लग्नाची नोंदणी झालेली नसेल (आपल्या पिढीत मंगल कार्यालयाची पावती हाच पुरावा) तर त्याला वेळ लागतो. क्षेत्रीय कार्यालयात तीन साक्षीदार लागतात, आणि अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आमचे भटजी केव्हाच वारले होते, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र झालं. मग लग्नाच्या दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन पोलिसांचा दाखला (गुन्हा नोंद नसल्याचा) मात्र सगळ्यात शेवटी घ्या, तो लवकर शिळा होतो.

कोषागाराच्या दाखल्याचा माझा इंग्रजी मसुदा अजून आहे. पीपीओ क्रमांक खोडून पाठवतो, तुमचे आकडे भरा.