‘सगळेच घेतात’ हे ऐकल्यावर मुलीने धावणं सोडलं

मुलाचा आवडता खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला, आता त्याला काय सांगू, असं विचारत पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. त्यांतल्या एका घराची हकिगत वडील आणि मुलगी दोघांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मुलगी १६ वर्षांची, ८०० मीटर धावणारी. तिच्या लाडक्या धावपटूवर बंदी आल्याची बातमी आली त्या रात्री तिने टेबलासमोरचा फोटो फाडला नाही. उलटा करून, पाठ बाहेर ठेवून, पुन्हा तिथेच चिकटवला. दुसऱ्या दिवसापासून सराव बंद. तीन आठवड्यांनी वडील तिला घेऊन आले.

“मी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. या पातळीवर सगळेच घेतात. ही सापडली, बाकीचे सापडत नाहीत, एवढंच.”

मुलगी काहीच बोलली नाही. पुढच्या भेटीत एकटी आली तेव्हा बोलली. “सगळेच घेत असतील तर मलाही एक दिवस घ्यावं लागेल. नाहीतर आत्ताच थांबलेलं बरं ना?”

वडिलांनी धीर द्यायला उच्चारलेलं वाक्य तिने असं ऐकलं होतं. त्यात तिसरी वाटच उरत नव्हती. आणखी एक गोष्ट तिने बऱ्याच वेळाने सांगितली. महिनाभरापूर्वी तिची वेळ दोन सेकंदांनी सुधारली, तेव्हा सोबत धावणारी मैत्रीण हसत म्हणाली होती, “काय घेतेस गं हल्ली?” तेव्हा तीही हसली होती. बातमीनंतर तो प्रश्न रात्री झोपू देईना.

खेळ स्वच्छ आहे, असं मी तिला सांगितलं नाही. ते खोटं ठरलं असतं, आणि मोठ्यांच्या खोट्या दिलाशाने तिचं आधीच पुरेसं नुकसान झालं होतं. आधी मी वडिलांशी बोलले. “हे ‘सगळेच’ तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?”

ते बराच वेळ गप्प होते. मग भावाबद्दल सांगू लागले. भावाला कर्करोग झाला तेव्हा लान्स आर्मस्ट्राँगचं नाव जगभर गाजत होतं. कर्करोगातून उठून त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. भावाने त्याच्या संस्थेचा पिवळा पट्टा मनगटात घातला आणि उपचार संपल्यावरही काढला नाही. भाऊ बरा झाला. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने उत्तेजकं घेतल्याची टीव्हीवर कबुली दिली.

“त्याच्यावर शंका घेणाऱ्यांशी मी भांडलो होतो हो,” ते म्हणाले. “त्या दिवशी ठरवलं, यापुढे कोणाला मानायचंच नाही.”

“आणि भाऊ?”

“त्याने पट्टा काढला नाही. म्हणाला, तो खोटा निघाला, पण मला मिळालेला आधार खोटा नव्हता. मला त्याचाच राग आला होता.”

मुलीला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी त्यांना एवढंच सुचवलं की ‘सगळेच घेतात’ऐवजी हे तिला सांगा. फसवलं गेल्यावर माणूस पुन्हा फसू नये म्हणून सरसकट संशय घेऊ लागतो. समुपदेशनात हे मी नात्यांच्या बाबतीत रोज पाहते. खेळाच्या बाबतीतही तसंच घडतं. या संशयाला आपण शहाणपण समजतो आणि मुलांच्या हातात देतो.

मुलीबरोबर मी एकच काम केलं. ‘सगळेच’ या शब्दात कोण कोण येतं, ते एकेक नाव घेऊन पाहिलं.

पहिलं नाव आंद्रेया रदुकान, रोमानियाची जिम्नॅस्ट. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती हिच्याच वयाची, १६ वर्षांची होती. संघाच्या डॉक्टरांनी दिलेल्या सर्दीच्या गोळीत बंदी असलेलं द्रव्य होतं आणि तिचं वैयक्तिक ऑल-अराउंड प्रकारातलं (सगळ्या साधनांवरचे गुण एकत्र धरतात तो प्रकार) सुवर्णपदक गेलं. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियमच आहे. (खेळणाऱ्या मुलांच्या घरी हे माहीत असायलाच हवं. साधी गोळी किंवा ताकदीची पावडर घेण्याआधी डॉक्टरांना ‘ही स्पर्धेत उतरते’ असं स्पष्ट सांगा आणि बंदी असलेल्या द्रव्यांची यादी पाहा.) रदुकान आणि आर्मस्ट्राँग एकाच शब्दात कसे बसवायचे?

मग मुलीच्याच शर्यतीतलं नाव. लंडन २०१२ मध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत रशियाच्या मारिया साविनोव्हाने जिंकली. ते पदक पुढे काढून घेतलं गेलं, आणि त्यात मोठा वाटा होता युलिया स्टेपानोव्हाचा. तीही रशियाची, तीही ८०० मीटर धावणारी. तिने स्वतः उत्तेजकं घेतली होती, तिच्यावर बंदीही आली होती. मग तिने नवऱ्याच्या साथीने तिथला उत्तेजकांचा सगळा प्रकार गुपचूप रेकॉर्ड केला, २०१४ मध्ये जर्मन वाहिनीवर जगासमोर मांडला आणि त्यापायी देश सोडला. “म्हणजे घेणारीनेच सांगितलं?” मुलीने दोनदा विचारलं.

शेवटचं नाव ॲडम नेल्सन. अथेन्स २००४, गोळाफेक. त्याची आणि युक्रेनच्या युरी बिलोनोहची सर्वोत्तम फेक सारखीच, २१.१६ मीटर. दुसरी चांगली फेक मोजून सुवर्ण बिलोनोहला गेलं. जपून ठेवलेले नमुने २०१२ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा बिलोनोह दोषी निघाला. नेल्सनला सुवर्णपदक २०१३ मध्ये मिळालं, तेही अटलांटाच्या विमानतळावर, खाद्यपदार्थांच्या दुकानांपाशी. ना राष्ट्रगीत, ना प्रेक्षक.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आठ वर्षं लोक त्यालाही म्हणत असतील, सगळेच घेतात.”

मी मान हलवली. मला जे सांगायचं होतं ते तिने स्वतःच शोधलं होतं.

मग तिने अवघड प्रश्न विचारला. आज जिंकणारी स्वच्छ आहे हे मला कसं कळणार? आज कळणार नाही, हेच खरं उत्तर आहे. आर्मस्ट्राँगने वर्षानुवर्षं चाचण्या पार केल्या होत्या. तो उघडा पडला मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. आता नमुने दहा वर्षांपर्यंत जपता येतात, खेळाडूच्या रक्तातल्या बदलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली जाते, तरी पळवाटा उरतातच. तेव्हा एखादीची धाव आवडली तर मनापासून आवडू दे, तिच्या चारित्र्याची हमी मात्र तू घेऊ नकोस, असं मी म्हटलं. वडिलांनाही हेच सांगितलं.

मैत्रिणीला काय उत्तर द्यायचं, ते तिने स्वतः ठरवलं. सरावाची वही ती आता पिशवीत ठेवते. कोणी विचारलं तर दाखवायची की नाही, ते तेव्हा बघेन म्हणाली.

सहाव्या आठवड्यात ती मैदानावर परतली. वडील घड्याळ घेऊन कडेला उभे राहतात. फोटो अजून उलटाच आहे. तो काढ किंवा सरळ कर, असं तिला म्हणू नका, एवढं मी त्यांना बजावून सांगितलं आहे.