१०८ टक्के लसीकरण आणि पोडावरची तीन लेकरं

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस कागदावर १०८ टक्के आहे. तरी कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) एकही लस न टोचलेली तीन लेकरं सापडली. सिस्टर म्हणतात, एकही नोंद खोटी नाही. तपासायचं कसं?
– एक आरोग्य सहायक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सिस्टर खरंच बोलत असतील. आधी भागाकारातला खालचा आकडा बघा. लोकसंख्या ५,०००, हजारी १५ जन्म धरले तर ७५ बाळं. एखादं दगावलेलं वजा करून उद्दिष्ट ७४. ही लोकसंख्या बहुतेकदा २०११ च्या जनगणनेवरून वाढवत आणलेली असते. आता वरचा आकडा. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते आणि दीड महिन्याचा पेंटा तिथंच होतो. ८० डोसांत अशी ९ पाहुणी बाळं असली तर ८० भागिले ७४, झाले १०८ टक्के. आपली मात्र ७१ च. पोडावरची तीन या हिशेबात कुठंच दिसत नाहीत.

म्हणून रजिस्टरात 'माहेरी आलेली' असा रकाना आखा आणि टक्केवारी काढताना ती बाळं वगळा. आपल्या सुनांची बाळं तिकडं टोचली गेली असतील, तर कार्ड बघून आपल्याकडं धरा. मग एका महिन्याचे डोस टॅली शीटवरून (डोस देताना खुणा करायच्या कागदावरून) पुन्हा मोजा. मोजलेले ४८ आणि अहवालात ६० असतील तर गुणोत्तर ०.८; म्हणजे अहवाल फुगलाय. १ च्या जवळ आलं तर नोंद ठीक, दोष उद्दिष्टातच.

शेवटी घरोघर जाऊन १९ मुलं तपासा, १९ ठिकाणी एकेक. प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या २८,५०० असेल तर ती १९ ने भागा : १,५००. गावं, तांडे, पोड, वीटभट्ट्या सगळं एका यादीत घ्या आणि लोकसंख्येची चढती बेरीज मांडा. यादीत नसलेली वस्ती तपासणीतही येत नाही, आणि चूक इथंच होते. खिशातल्या नोटेचे शेवटचे चार अंक घ्या (०००० किंवा १,५०० च्या वर आले तर दुसरी नोट). समजा ०८४७ आले, तर बेरीज जिथं ८४७ ओलांडते ते पहिलं ठिकाण, मग २,३४७, मग ३,८४७, असं १९ पर्यंत. प्रत्येक ठिकाणी १२ ते २३ महिन्यांचं एकच मूल. घर आशाताईंच्या यादीतून निवडू नका, सुटलेलं लेकरू त्या यादीतूनही सुटलेलं असतं. वस्तीचा कच्चा नकाशा काढून, भाग पाडून चिठ्ठी टाका. कापूस वेचणीच्या दिवसांत दहा वाजता गेलात तर कुलूपच दिसेल. सकाळी लवकर जा. बंद घराऐवजी शेजारचं घेऊ नका, पुन्हा या. कार्ड पाहिलेलं वेगळं लिहा, आईच्या सांगण्यावरचं वेगळं.

लक्ष्य ९० टक्के असेल तर १९ पैकी निदान १५ मुलांना डोस मिळालेला हवा. १४ आले की ते केंद्र मागं आहे असं धरा.

प्रश्न : १९ मुलांवरून टक्केवारी काढून वर कळवली तर चालेल?
– तालुका कार्यालयातील वाचक

उत्तर : नाही. १९ मुलं 'पास की नापास' एवढंच सांगतात. पाच केंद्रांची मिळून ९५ झाली की तालुक्याची टक्केवारी काढा, तीही प्रत्येक केंद्राच्या लोकसंख्येचं वजन देऊन. नुसती सरासरी घेतली तर लहान केंद्र मोठ्याइतकंच भारी पडतं.